सुधाकाकूंचा सोटा

पंचवटीतल्या सुधा गायधनींना व्हिडिओ गेमचा नाद लागला तो भाच्यांमुळे. नव्वदच्या दशकात एका मे महिन्यात मुंबईहून भाचे आले, टीव्हीला जोडायचा गेमचा खोका घेऊन आले, आणि जाताना विसरून गेले. यजमान चिंतामणराव सकाळीच रामकुंडावर यात्रेकरूंच्या पूजेला जायचे. काकूंची विम्याच्या ऑफिसात नोकरी. रविवारी स्वयंपाक आटोपला की त्या खोका जोडून बसायच्या. शेजारणी हसायच्या. काकू म्हणायच्या, "तुम्ही स्वेटर विणता, मी हे खेळते. तुमचं चुकलं तर उसवावं तरी लागतं, माझं तेही नाही."

त्यांना त्यातली एक गोष्ट मनापासून पटली होती. खेळात हरलं तर आपण चुकलो आणि जिंकलं तर आपल्याला जमलं. खेळाला तुमचं आडनाव ठाऊक नसतं, पगार ठाऊक नसतो.

पुढे गंगापूर रोडवर सायबर कॅफे निघाले आणि इंटरनेटवरून खेळायचा 'रणदुर्ग' आला. त्यात गावोगावचे लोक एकमेकांशी लढायचे, टोळ्या करून किल्ले जिंकायचे. काकूंनी माहेरच्या, वणीच्या एका आडदांड राखणदाराच्या नावावरून खेळातल्या आपल्या गड्याचं नाव ठेवलं भिकन. बरेच महिने सगळे त्यांना 'भिकनभाऊ' म्हणत होते. हा भाऊ म्हणजे चाळिशी ओलांडलेली, चष्मा लावणारी बाई आहे हे पहिल्यांदा कळलं ते किशोरला.

किशोर कळवणचा. शिकायला नाशकात आलेला, खोली घेऊन राहायचा. कॅफेत शेजारच्या खुर्चीवर बसला असता त्याने काकूंच्या पडद्यावर भिकन पाहिला आणि ओरडला, "आयला, भिकनभाऊ तुम्ही हाय?" त्या दिवसापासून तो गायधनींच्या घरचाच झाला. सणावाराला त्याचं ताट ठरलेलं. आशा नावाची एक नर्सही त्यांच्यात आली, आणखी आठ-दहा जण जमले. टोळीने वर्षभर घाम गाळून रणदुर्गातला काळागड जिंकला आणि राखला. बाहेरच्या टोळ्या येत, आपटून परत जात.

मग कंपनीने हत्यारं विकायला काढली. कॅफेतून कार्ड विकत घ्यायचं, खरवडायचं, त्यावरचा नंबर टाकायचा, की हातात 'वज्रतलवार'. कालपरवा आलेलं पोर एका घावात जुन्या खेळाडूला लोळवू लागलं. काकूंनी कंपनीच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, "आम्ही खेळायचे पैसे देतो ते ठीक. जिंकायचे पैसे तुम्ही घेणार असाल तर आम्ही कशाला खेळायचं?" ते दुसऱ्या दिवशी काढून टाकलं गेलं.

त्याच सुमारास किशोरला नोकरी लागली, त्याच कंपनीत. नाशिकच्या कॅफेंमधून कार्डं खपवायची. त्याने पेढे आणले. काकूंनी त्याची दृष्ट काढली.

पंधरवड्यात काळागड पडला. वज्रतलवारी घेतलेली टोळी थेट मागच्या चोरदरवाजावर आली. तिथे पहारा कमी असतो हे टोळीबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. पुढे होता 'कळवणचा वाघ', म्हणजे किशोर. रविवारची सकाळ होती, कॅफे भरलेले होते, सगळ्यांनी पाहिलं. त्या आठवड्यात नाशकात कार्डं हातोहात गेली.

काकूंनी त्याला घरी बोलावलं.

"चोरदरवाजा तू दाखवलास?"

"काकू, तलवारीचा जोर लोकांना दिसायला पाहिजे होता. मोठा किल्ला पडल्याशिवाय कोण घेणार? धंदा आहे हा."

"आशा रडत होती किशोर. रात्रपाळी करून येऊन पहारा द्यायची ती पोरगी."

"तिला तलवार देऊ ना आपण. कमी भावात देतो."

तो गेल्यावर चिंतामणराव म्हणाले, "सोडून द्या. खेळच तो." काकूंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते पंचांग घेऊन ओसरीवर जाऊन बसले.

तेव्हापासून भिकन रोज माळावर एकटा जाऊन वज्रतलवारवाल्यांना डिवचू लागला आणि त्यांच्याकडून मरू लागला. लोकांना वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. पण मरता मरता काकू बघत होत्या. तलवार उचलायला क्षणभर लागतो. घाव फुकट गेला की तलवारवाला जागीच अडकतो. विकत घेणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याचा घाव सहसा फुकट जातच नाही. आणि किशोरची खोड त्यांना फार आधीपासून ठाऊक होती. बिचकला की तो डावीकडे उडी मारायचा.

कंपनीने नाशकात मेळावा ठरवला. गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात मोठा पडदा, दोन कॉम्प्युटर, मुंबईहून आलेले साहेब. किशोर घरी आला. "काकू, तुम्ही सगळ्यांत जुन्या. माझ्याशी एक लढत खेळा ना. लोकांना गंमत वाटेल." जुना खेळाडू नव्या तलवारीपुढे कसा पडतो ते दाखवायचं होतं. काकूंना ते कळलं होतं. त्या म्हणाल्या, "येते की."

मेळाव्याला त्या लग्नातली पैठणी नेसून गेल्या. किशोरने माईकवर सांगितलं, "ज्याला जे आवडेल ते हत्यार." काकूंनी सोटा निवडला. खेळात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला फुकट मिळायचा तो साधा सोटा. सभागृहात खसखस पिकली.

"काकू, चेष्टा नको. निदान तुमची कुऱ्हाड तरी घ्या."

"तू तुझी तलवार उचल."

पहिला घाव आला. भिकन बाजूला झाला. तलवार जमिनीत अडकली आणि सोटा बसला. पुन्हा तसंच. लोकांचं हसू थांबलं. किशोर घाईला आला, घाव फुकट जाऊ लागले. मग तो बिचकला आणि डावीकडे उडाला. भिकन आधीच डावीकडे उभा होता. तिथून पुढे वाघ सावरलाच नाही. काकूंनी एका दमात संपवलं नाही. प्रत्येक वेळी त्याला उभं राहू दिलं, तलवार उचलू दिली, आणि पुन्हा पाडलं. पोरं खुर्च्यांवर चढून ओरडत होती. कुणीतरी मागून किंचाळलं, "साहेब, सोटा केवढ्याला?"

पडद्यावर वाघ आडवा झाला. साहेबांनी हसत माईक पुढे केला, आवरतं घ्यायला. काकूंनी तो हातात घट्ट धरला.

"या मुलाने माझ्या घरी जेवून माझ्या किल्ल्याचा दरवाजा विकला. आणि ही कंपनी तुमच्या मुलांना सांगते की शिकू नका, सराव करू नका, कार्ड घ्या. कार्ड घेतलेल्याचं काय होतं ते आत्ता पाहिलंत. बाहेर टेबल मांडलंय, ज्याला घ्यायचं त्याने खुशाल घ्यावं."

त्या खाली उतरल्या. टेबलाजवळ फारसं कुणी थांबलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत कॅफेंमध्ये पोरं मुद्दाम सोटे घेऊन फिरू लागली. कॅफेवाल्यांनी पडून राहिलेली कार्डं परत पाठवली.

किशोरची नोकरी गेली. तो दारात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काकू, घरी आई आजारी हाय. तुम्ही मला एकांतात दोन थोबाडीत मारायच्या होत्या. सगळ्यांसमोर कशाला?"

"तू आमचा गड एकांतात पाडलास का?"

त्यांनी त्याला पाणी दिलं. आत ये म्हणाल्या नाहीत.

वर्षभराने कंपनीने रणदुर्ग कायमचा बंद केला. काळागड गेला, तलवारी गेल्या, सगळ्यांचे गडी गेले. भिकनही गेला. विकत घेतलेल्या कशाचेच पैसे कुणाला परत मिळाले नाहीत. आशाला वाईट वाटलं. काकूंनाही वाटलं, पण त्यांना अपेक्षा होतीच. त्या म्हणाल्या, "ज्याची किल्ली त्यांच्या खिशात, ते आपलं कधी नव्हतंच."

किशोरने पुढे कळवणला मोबाइलचं दुकान टाकलं. त्याच्या लग्नाची पत्रिका आली. चिंतामणराव एकटेच जाऊन आले. परतल्यावर जेवताना म्हणाले, "पोरगा चांगला चाललाय. तुमची चौकशी करत होता. अजून राग गेला नाही का?"

"गेला की सांगेन," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या पानात आमटी वाढली.