गंजकाका आणि बिनसहीची तलवार

गंजकाकांना चमकणाऱ्या वस्तूंची किळस यायची. नुसती नावड नव्हे, किळस. जर्मनीतल्या आमच्या बॉबलिंगेनच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोने घासूनपुसून लखलखीत केलेली समई बघून त्यांनी असं काही तोंड केलं, की तिला वाटलं तेलच खवट झालंय. "शी!" काका म्हणाले. "मधुरा, अगं पन्नास-साठ वर्षांची समई असेल ही. काल दुकानातून आणल्यासारखी दिसतेय. तिचं वयच पुसून टाकलंस की!" मधुरा त्यांच्यासमोर हसली. ते गेल्यावर मला म्हणाली, "यांना परत बोलावशील तेव्हा चहा तू करायचा."

काका मूळचे सांगलीचे. लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यात तीस-बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. लोखंड का गंजतं, कसं गंजतं आणि किती दिवसांत गंजतं हे शोधायचं. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, नातवंडं खेळवतात. काकांना बायको-मुलं नव्हती आणि बागेतल्या गोगलगायींचीही त्यांना किळस होती. त्यांनी जुन्या जपानी तलवारी गोळा केल्या, एकूण चार. तलवारीला हात लावण्याआधी ते तिच्या गंजाविषयी विचारत, म्हणून त्यांचं हे नाव पडलं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

तलवार बघण्याची त्यांची रीत ठरलेली होती. आधी ओठांत कागदाची घडी धरायची, म्हणजे श्वासाची वाफ पात्यावर बसत नाही. मग पात्याचा बाक, मग पोलादाचे पापुद्रे, मग धारेला पाणी दिल्याची पांढुरकी लाट. हे सगळं निमूटपणे. एरवी प्रत्येक गोष्टीला नाक मुरडणारा हा माणूस कागद ओठांत असेपर्यंत लहान बाळाकडे बघावं तसा पात्याकडे बघत असे. सगळ्यात शेवटी मुठीतली बांबूची खुंटी काढून मूठ उतरवायची आणि आत दडलेला दांडा बघायचा. त्याला नाकागो म्हणतात. पातं घासतात, पुन्हा पुन्हा उजळतात, पण नाकागोला शेकडो वर्षं कुणी हात लावत नाही. त्याच्यावरचा गंज तसाच ठेवायचा, कारण तलवारीचं वय तिथेच कळतं. "पातं नटतं रे," काका मला सांगायचे. "नाकागोला नटता येत नाही. आणि कुणी नटवलंच, तर मला वासाने कळतं."

खोट्या गंजाचा त्यांना जेवढा तिटकारा होता तेवढा माणसांचाही नसेल. सिंडेलफिंगेनच्या एका मराठी डॉक्टरांनी हौसेने एक 'सामुराई तलवार' घेतली होती. वास्तुशांतीला काकांना मुद्दाम बोलावून त्यांनी ती हातात दिली. काकांनी मूठ उतरवली, नाकागो नाकाशी नेला आणि भरल्या घरात म्हणाले, "शी! आम्लात बुडवलीय. कलिंगड कापायला ठेवा." डॉक्टरांचा चेहरा पडला. मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो काका, 'जुनी असू शकेल' एवढं म्हणा ना. शुभ दिवस आहे." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच ती आम्लात बुडवली होती. म्हणाले, "एकदा खोटं बोललो की पुढचं माझं खरं कोण ऐकेल?" त्या घरचं आमंत्रण त्यांना पुन्हा आलं नाही, आणि त्याचं त्यांना सोयरसुतकही नव्हतं.

चारांतली एक तलवार त्यांच्या जिवाचा तुकडा होती. तिच्यावर घडवणाऱ्याची सही नव्हती. काकांचं ठाम मत होतं की ती सातशे वर्षांपूर्वीची आहे. त्यांच्या संग्राहक मंडळातले जर्मन हसायचे, विशेषतः हायडेलबर्गचा एक दंतवैद्य. त्याच्या मते ती फार नंतरची, जुनीसारखी दिसावी म्हणून घडवलेली नक्कल होती. काका वीस वर्षं एकटे त्यांच्याशी भांडत होते. त्यांचा सगळा पुरावा नाकागोत होता: काळाकुळकुळीत, चामड्यासारखा मऊ झालेला गंज आणि त्याखाली पुसट दिसणाऱ्या कानशीच्या रेघा. अखेर त्या वर्षी नोव्हेंबरात जपानहून दोन परीक्षक बर्लिनला येणार होते. त्यांच्यापुढे ती ठेवायची, असं ठरलं.

सप्टेंबरात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि पुढे कित्येक आठवडे ते रेहात, म्हणजे आजारपणानंतर माणसाला पुन्हा चालतं करणाऱ्या केंद्रात, राहिले. घरी हाइत्सुंग, म्हणजे घर उबदार ठेवणारी यंत्रणा, बदलायला कामगार येणार होते, म्हणून ती तलवार त्यांनी माझ्याकडे दिली. "कोरड्या जागी ठेव. मूठ उतरवू नकोस. बाकी तुझ्यावर सोडलं." पंधरा वर्षांच्या ओळखीत त्यांनी कुणावर काही सोडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आणि मी काय केलं? तर मिरवलं. खंडेनवमी जवळ आली होती, माझे सासरे, म्हणजे मधुराचे बाबा, पुण्याहून आलेले होते, आणि दरवर्षी पूजेला लॅपटॉप आणि सायकलचे पाने ठेवणाऱ्या माझ्या घरात खरीखुरी तलवार होती. मी चार मित्रांना बोलावून ठेवलं. रविवारी बाबांना खुंटी कशी काढतात, मूठ कशी उतरते, सगळं ऐटीत करून दाखवलं. गंज का जपायचा हे मात्र सांगायचं राहिलं. गोष्टीत माझी हुशारी दिसण्याएवढीच ती सांगायची, ही माझी जुनी खोड.

बाबांची सगळी नोकरी पिंपरीला एका टूलरूममध्ये गेली. खंडेनवमीला तिथे प्रत्येक हत्यार आरशासारखं करून पूजेला मांडत. खंडेनवमीच्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा ते टेबलाशी बसले होते, समोर चिंच, मीठ आणि झिरो नंबरचा पॉलिश पेपर.

"या जावईबापू," ते म्हणाले. "अहो, काय गंज होता! पूजेला असं ठेवतात का? दोन तास लागले. आतल्या भागाला तर शंभर वर्षांत कुणी हात लावलेला दिसत नाही."

"शाऊ माल, पापा!" 'बघ ना, पप्पा' अशा अर्थाचं माझी मुलगी जर्मनमध्ये ओरडली आणि नाकागो माझ्या नाकापुढे धरला. तो नव्या वाटीसारखा चमकत होता. कानशीच्या रेघासुद्धा उरल्या नव्हत्या.

बाबांना मी मलम आणून दिलं. त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. पूजा झाली, मित्रांनी फोटो काढले, मधुराने तलवारीला हळद-कुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगायचं म्हणून फोन केला. तर ते कधी नव्हे ते खुशीत. रेहातलं सूपसुद्धा त्यांना चांगलं लागत होतं. म्हणाले, "बर्लिनला ते मूठ उतरवतील ना, तेव्हा त्या दंतवैद्याचं तोंड मला बघायचंय. त्यासाठीच चालायला शिकतोय." मी म्हटलं, "हो काका." आणि फोन ठेवला.

यापुढचं लिहायची मला शिसारी येते. मी व्हिनेगर आणलं. मीठ आणलं. कोरा, काळा चहा उकळला. सहा दिवस बाल्कनीत तो नाकागो भिजवला, वाळवला, पुन्हा भिजवला. सातव्या दिवशी रंग बऱ्यापैकी काळपट तपकिरी आला, आणि मला चक्क अभिमान वाटला. मी इंजिनिअर आहे, प्रक्रिया जमली की मला आनंद होतो. बाबांनी जे केलं ते भाबडेपणाने केलं. मी जे करत होतो त्याला एकच शब्द आहे, लबाडी, आणि तो मी काकांच्याच तोंडून शेकडो वेळा ऐकला होता.

बर्लिनला आम्ही आगगाडीने गेलो. काका कुबड्यांवर, तलवारीची कुलूपबंद पेटी माझ्या मांडीवर. त्यांनी ती उघडायला सांगितली नाही. "आता त्यांच्याच हातात बघू," म्हणाले. पाच-सहा तास मी त्यांच्यासमोर बसलो होतो. खिडकीतून पवनचक्क्या बघितल्या, पाव खाल्ला, त्यांना कॉफी आणून दिली. एक वाक्य बोलायचं होतं, ते सोडून सगळं बोललो.

एका हॉटेलच्या सभागृहात पांढरं कापड घातलेलं टेबल होतं, भोवती मंडळातले सगळे जर्मन. थोरल्या परीक्षकांनी वाकून नमस्कार केला आणि पातं दिव्याखाली धरलं. बराच वेळ बघितलं. मग शेजाऱ्याशी काहीतरी कुजबुजले, आणि दुभाषी बाई म्हणाल्या, "पातं फार सुंदर आहे. ते म्हणतात, काळाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर असू शकतं." काका कुबड्या सावरत टेबलाच्या आणखी जवळ सरकले. मग परीक्षकांनी खुंटी काढली, मूठ उतरवली, आणि ते थांबले. त्यांनी नाकागो नाकाशी नेला नाही, त्याची गरजच नव्हती. हळूच कागदात गुंडाळून तलवार परत सरकवली. बाई म्हणाल्या, "या तलवारीबद्दल त्यांना काही सांगता येणार नाही."

दंतवैद्य पुढे येऊन वाकला. "आल्झो, म्हणजे," तो म्हणाला, "तुम्ही तर आयुष्यभर गंजाचंच काम केलंत, नाही का?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे काकांकडे बघत होते आणि काका नाकागोकडे. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, एकदाच. मी बुटांकडे बघत राहिलो. मला काकांचा आवाज ऐकू आला, शांत, स्वच्छ जर्मनमध्ये: "चूक माझी आहे. मी त्याला हात लावायला नको होता."

डॉक्टरांच्या वास्तुशांतीत ज्यांना 'असू शकेल' एवढंही म्हणवलं नाही, ते गंजकाका माझ्यासाठी भरल्या सभेत खोटं बोलले. आणि मी ते बोलू दिलं.

परतीच्या गाडीत त्यांनी हाले स्टेशन मागे पडू दिलं. मग विचारलं, "कशाने केलंस?"

"व्हिनेगर, मीठ... आणि चहा."

"चहा! शी!" ते म्हणाले. "आणि त्याआधी घासलं कुणी?"

मी रडत रडत बाबांचं सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्यांना कळू देऊ नकोस. मनापासून घासलंय बिचाऱ्यांनी."

माझ्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. त्यानंतरही ते आमच्याकडे यायचे, मधुराच्या हातचं थालीपीठ खायचे, मुलीला रसायनशास्त्र शिकवायचे. मंडळात ते पुन्हा कधी गेले नाहीत, कुणी त्यांना बोलावलंही नाही. माझ्यासमोर त्यांनी तलवार पुन्हा काढली नाही. मंडळाला पत्र लिहून खरं सांगावं, असं मला दर महिन्याला वाटायचं. मसुदेही केले. त्यात माझी भाषा फार चांगली व्हायची, आणि त्याचीच मला घाण वाटून मी ते फाडायचो.

दोन वर्षांनी काका गेले. अंत्यविधीनंतर जर्मन रिवाजाप्रमाणे कॉफी आणि केक होता. आम्ही दहा-बारा जण होतो, आणि अनपेक्षितपणे तो दंतवैद्यही आला होता. माझ्या शेजारी बसला. म्हातारा झाला होता, डोळेही ओले होते. म्हणाला, "आमच्यात इतकी पारखी नजर दुसऱ्या कुणाची नव्हती. वाईट एवढंच वाटतं, शेवटी त्यांनी ती एक लबाडी केली."

पत्र लिहायची गरज नव्हती. टपाल, पत्ता, मसुदा काहीच नको होतं. तो माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

"गेनाऊ," मी म्हणालो, "अगदी खरं." आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.