करवतमामाची बेल

भावोजी, तुमच्यावर लिहिते आहे. राग आला तर दार उघडून सांगा. इथून पुढे तुम्हाला 'हा', 'तो' म्हणेन आणि स्वतःला 'वहिनी'. दिराला अरेतुरे करायची हौस एकदाची फिटू दे.

तर हा इस्पितळात प्लास्टर घालायचा आणि कापायचा. कापायची करवत विजेवरची. तिची घरघर ऐकली की मुलं भोकाड पसरत. मग हा चालू करवत आपल्याच तळहातावर टेकवी. "बघ, ही प्लास्टर खाते, कातडी नाही. शाकाहारी आहे." मुलं त्याला करवतमामा म्हणत. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. नाती काय ती हीच, तीही प्लास्टर निघेपर्यंतची.

एका दुपारी अपघात विभागात कुणाचा तरी भाऊ दगावला. माणसं डॉक्टरला शोधत निघाली. डॉक्टर सापडले नाहीत, पांढऱ्या कोटातला हा सापडला. त्यानं प्लास्टरच्या खोलीत शिरून आतून कडी घातली. दारावर बुक्के बसत राहिले, शेवटी कडी निखळली. स्टुलाच्या घावानं मनगट मोडलं. सहकाऱ्यानं प्लास्टर घातलं, तेव्हा म्हणाला, "किती गबाळं घातलंस रे." सगळ्यांना वाटलं, चला, गडी सावरला.

मनगट जुळलं, हा कामावर गेला. पहिलीच पेशंट एक लहान मुलगी. करवत तळहातावर टेकवणार, तोच बाहेर स्ट्रेचर दाराला आपटलं. करवत बंद करून हा टेबलाखाली. मुलीनं वाकून पाहिलं आणि आपला मोकळा हात खाली धरला.

"मामा, माझ्या हातावर लावून बघा. कापत नाही ती."

तेव्हा हसला असता तर निभावलं असतं. तो रडला. त्या दिवसापासून रजेवर.

मेट्रन म्हणाली, "मनाच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसतात."

"जिना चढताना सगळे बघतील," हा वहिनीला म्हणाला.

"मी येते ना बरोबर. लोकांना वाटेल, म्हातारीला दाखवायला आणलंय."

त्यावर मात्र हसला. गेला नाही.

आता घरातच असतो. दार वाजलं की त्याला दरदरून घाम फुटतो, म्हणून वहिनी दार वाजवत नाही. खोकते, हाक मारते. पंखा चालू असला की आत काही ऐकू जात नाही. मग डबा उंबऱ्यापाशी ठेवून परतते. एकदा ती वैतागून म्हणाली, "भावोजी, बेल बसवून टाकू. दुकानात वाजवून बघा आणि सोसेल तो आवाज निवडा."

"चिमणीचा नको," तो दाराआडून म्हणाला.

"नको तर नको. सोमवारी जाऊ?"

"जाऊ."

सोमवारी वहिनी पिशवी घेऊन दाराबाहेर उभी राहिली. खोकली. दोन हाका मारल्या. आत पंखा फिरत होता. दार वाजवायला तिनं हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

बेल आणायची राहिली ती राहिलीच.