थोरलीचं अंजीर

गल्लीत तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. गळ्यातली पट्टी ती झोपतानासुद्धा काढत नसावी, असा लोकांना दाट संशय होता. घरात मात्र ती थोरली. पुढच्या खोलीत तिचं दुकान, लोकांनी विकत आणलेले कपडे त्यांच्या अंगाजोगे करून द्यायचं. कुणाच्या पॅन्टची लांबी कमी कर, कुणाच्या कोटाची बाही आखूड कर, कुणाची बिघडलेली चेन बदल. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेण्यात गेली. लग्न झालं नाही म्हणा, केलं नाही म्हणा, दोन्ही खरं. मागच्या खोलीत खिडकीशी आप्पा, तिचे वडील. वय सत्त्याऐंशी, तोंडात एकही दात नाही, डोळ्यांना सगळं अंधुक, जीभ मात्र ठणठणीत. चवीलाही आणि बोलायलाही.

आप्पांचं सगळं थोरली करायची. अंघोळ घालायची, नखं कापायची, गोळ्या वेळेवर द्यायची, रात्रीतून दोनदा कूस बदलून द्यायची. आणि आप्पांच्या तोंडी उठता-बसता नाव कुणाचं? तर धाकटीचं! धाकटी दोन गल्ल्या पलीकडे दिलेली. रविवारी यायची, अर्धा तास बसायची, आप्पांचा हात हातात घ्यायची आणि जायची. "आली माझी चिमणी," असं म्हणत आप्पा उशीवर वर सरकायचे. चिमणी आता पन्नाशीला आलेली, गुडघे धरून पायरी चढणारी, पण ते असो. थोरलीला त्यांनी कधी कावळीसुद्धा म्हटलं नव्हतं.

यात सगळ्यात झोंबायचं ते अंजीर.

परसातलं अंजिराचं झाड आप्पांनीच लावलेलं. धाकटीच्या लग्नात त्याचीच एक फांदी कुंडीत रुजवून तिला दिली. तेव्हा झाड तेच, रक्त तेच, फळ तेच. पण रविवारी धाकटी पिशवीतून चार अंजिरं काढायची आणि आप्पा ती गट्टम करून म्हणायचे, "हे अंजीर म्हणजे अंजीर! नाहीतर आमच्या परसातलं. चिंधी चावल्यासारखं लागतं."

चिंधी! शिवणकाम करणाऱ्या लेकीला चिंधी म्हणायचं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बरं, त्यात खोटंही नव्हतं. अंजीर झाडावरच पिकावं लागतं. कच्चं तोडलं तर घरात मऊ पडतं, गोड होत नाही. आणि थोरलीच्या झाडावर अंजीर पिकून मान टाकतंय न टाकतंय, तोच रात्री उदमांजर यायचं आणि नेमकं तेवढंच खाऊन जायचं. लांब शेपटीचं, मुंगसाहून मोठं, मांजराहून लबाड. सकाळी खाली नुसती सालं. थोरलीनं मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून एकेका फळाला बांधल्या, दुहेरी टाक्याच्या. त्यानं पिशव्या फाडल्या. डबे बांधले, तर डब्यांच्या आवाजानं आप्पांची झोप मोडली आणि चोर निवांत जेवून गेला. शेवटी ती कच्चीच फळं तोडायची आणि आप्पांपुढे ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. ते तोंड वाकडं व्हायचं.

थोरलीला जगात दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, तिच्या हातचं अंजीर खाऊन आप्पांनी "गोड आहे" म्हणावं. धाकटीला रविवारागणिक मिळतं ते आपल्याला आयुष्यात एकदा मिळावं. यात काही जास्त मागितलं का तिनं?

शेवटी तिनं पिंजरेवाल्याला बोलावलं. हा मनुष्य प्राणी न मारता पकडायचे लोखंडी पिंजरे द्यायचा आणि पकडलेलं जनावर स्वतः येऊन रानात सोडायचा. त्यानं पिंजरा झाडाखाली ठेवला, आत पिकलं केळं ठेवलं आणि केळ्यापुढची पट्टी दाखवली. तिच्यावर पाय पडला की मागचं दार खाली.

"उजाडताच बघायचं," तो म्हणाला. "सापडलं तर वर चादर टाकायची, म्हणजे बिचारं घाबरत नाही. उन्हात ठेवायचं नाही. आणि मला फोन करायचा. बाई, स्वतः कुठंही नेऊन सोडायचं नाही."

"मी कशाला नेते?" थोरली म्हणाली. तेव्हा तिच्या मनातही नव्हतं.

पहिल्या दिवशी शेजारणीचं मांजर सापडलं. त्यावरून शेजारीण जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, केळ्याला मुंग्या. तिसऱ्या दिवशी फटफटताना थोरली परसात गेली, तर पिंजऱ्यात उदमांजर. अंग चोरून बसलेलं, डोळे मोठे, केळं मात्र साफ.

"काय रे मेल्या," थोरली म्हणाली, "तिच्याकडं जायला काय झालं होतं तुला? दोन गल्ल्या तर आहेत. माझंच घर सापडलं?"

हे तोंडातून गेलं आणि तिला वाट सापडली. मग फोनकडे न जाता तिनं फुलाफुलांची चादर आणली, पिंजऱ्यावर टाकली आणि तो उचलून स्कूटरवर पायांशी ठेवला. खाऊ दे की तिचीही. एक रविवार तरी तिची पिशवी रिकामी येऊ दे. वाटेत दूधवाला भेटला.

"काय हो, मशीन दुरुस्तीला?"

"हो," थोरली म्हणाली. चादरीखालून मशीन फिसकारलं. दूधवाला सायकलसकट बाजूला झाला.

धाकटीच्या परसाचं मागचं फाटक नुसतं लोटलेलं असायचं. थोरलीनं आत जाऊन पिंजऱ्याचं दार वर ओढलं. उदमांजर क्षणभर थबकलं, मग भिंतीच्या कडेनं सुसाट गेलं. थोरली समाधानानं सरळ झाली आणि तिनं पहिल्यांदाच झाडाकडे नीट पाहिलं.

झाडावर खाण्याजोगं एक फळ नव्हतं. खाली सालंच सालं, जुनी, नवी, वाळलेली. फांद्यांना फाटक्या जाळ्या लोंबत होत्या आणि गंजके डबे टांगलेले होते. मागच्या दाराशी कचऱ्याच्या बादलीत पुठ्ठ्याचे छोटे खोके होते, मंडईतल्या फळवाल्याचा शिक्का असलेले, वर छापलेलं अंजिराचं चित्र.

दार उघडून धाकटी बाहेर आली, तोंडात ब्रश.

"ताई? तू काय करतेस इथं?"

थोरलीनं खोका वर धरला. "हे काय आहे?"

धाकटीनं पिंजरा पाहिला, चादर पाहिली, खोका पाहिला. ब्रश काढून तिनं चूळ भरली.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली. "एक अंजीर हाती लागलं नाही माझ्या."

"आणि दर रविवारी आणतेस ती?"

"विकतची."

"आप्पांशी खोटं बोलतेस? चार वर्षं?"

"मग काय करू?" धाकटीचा आवाज चढला. "तुझ्याकडं आख्खे आप्पा आहेत! दिवसाचे चोवीस तास! मला काय, रविवारचा अर्धा तास. रिकाम्या हातानं येऊन काय बसू? मलाही वाटतं ना, माझ्या घरचं काहीतरी त्यांना गोड लागावं."

कुणीही विरघळलं असतं. थोरली नाही विरघळली. इतकी वर्षं ज्या फळापायी आपण रक्त आटवलं, ते मंडईतलं निघालं, या आनंदानं तिला दुसरं काही ऐकूच येईना. "आप्पांना सांगणार आहे मी," ती म्हणाली.

"सांग," म्हणून धाकटी आत गेली.

पण थोरलीनं लगेच सांगितलं नाही. रविवारी, धाकटीच्या देखत सांगायचं होतं तिला. शिवाय आता चोर इकडे फिरकत नव्हता आणि तिच्या झाडावर एक अंजीर मान टाकायला लागलं होतं. शनिवारी त्याचं साल जांभळं झालं. रविवारी सकाळी देठाशी मधासारखा थेंब आला. थोरलीला ते खुडायला तीनदा हात घालावा लागला. ज्या हातानं तिनं सुईत दोरा ओवताना कधी दुसरा प्रयत्न केला नव्हता, त्याच हाताची ही गत!

धाकटी आली, हात धरून बसली. पिशवी तिनं उघडलीच नाही. थोरलीनं ताटलीत अंजिराचे दोन भाग केले.

"आप्पा, तोंड उघडा."

आप्पांनी अर्धं अंजीर तोंडात घोळवलं. डोळे मिटले.

"आहाहा," ते म्हणाले. "गोड! इतकं गोड तर कधी खाल्लंच नाही."

थोरली पुढे सरकली. आप्पांनी चाचपत हात पुढे केला आणि धाकटीच्या डोक्यावर ठेवला.

"तुझ्या झाडाला तोड नाही गं, चिमणे."

थोरलीनं धाकटीकडे पाहिलं. बोल आता. आणि धाकटी बोलली, नाही कसं म्हणायचं.

"आप्पा, हे ताईच्या झाडाचं आहे."

"मला शिकवतेस? थोरलीचं अंजीर मी ओळखत नाही होय?"

"खरंच सांगते आप्पा. माझ्या झाडाला फळ राहतच नाही. मी आणत होते ती सगळी विकतची होती. चार वर्षं. ताईला विचारा."

इतके दिवस थोरलीनं जे शस्त्र परजून ठेवलं होतं, ते धाकटीनं स्वतःच स्वतःवर चालवलं. आप्पांचे डोळे पाणावले.

"बघ," ते थोरलीकडे तोंड करून म्हणाले. "लहानपणापासून ही अशीच. तुला वाईट वाटू नये म्हणून स्वतःला खोटं पाडते. शिक काहीतरी हिच्याकडून."

"आप्पा, माझं आहे ते!" थोरली ओरडली. "माझ्या झाडाचं! माझं!" साठीला आलेली बाई, गळ्यात मोजपट्टी, आणि आवाज चार वर्षांच्या पोरीचा.

"बरं बरं, तुझं," आप्पा म्हणाले. "रडतेस कशाला?"

धाकटी मान खाली घालून बसली होती. तिनं उरलेल्या अर्ध्या अंजिराची ताटली हळूच आप्पांकडे सरकवली. थोरलीनं ती मधेच ओढून घेतली आणि ते अर्धं अंजीर सालासकट तोंडात टाकलं. आप्पा म्हणाले होते तस्संच गोड होतं.

"अजून आहे का गं?" आप्पांनी विचारलं.

"नाही," थोरली भरल्या तोंडानं म्हणाली. "संपलं."