सरांची वार्षिक परीक्षा

म्हातारपणी स्मरणशक्ती कशी बदलत जाते, याचा एक अभ्यास ठाण्याच्या आमच्या केंद्रात बरीच वर्षं चालू आहे. त्यातली माणसं गळू न देणं हे माझं काम. म्हणजे फोन करायचे, वाढदिवस लक्षात ठेवायचे, गुडघ्यांची चौकशी करायची. सासूबाईंच्या गुडघ्यांची मी कधी एवढी चौकशी केली नाही, हे त्यांनी मला ऐकवून झालंय.

यातले माझे सगळ्यात लाडके म्हणजे डोंबिवलीचे एक निवृत्त शिक्षक. आमची तपासणी ते बोर्डाच्या परीक्षेसारखी देत. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, अर्धा तास आधी हजर. इथे काही लिहायचं नसतं, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे असतात, हे त्यांना कधी पटलंच नाही. एका वर्षी तर त्यांनी घरी जाऊन ते शब्द वहीत उतरवले आणि अभ्यासात असलेल्या सोसायटीतल्या तिघांचा क्लास घेतला. पुढच्या खेपेला तिघांनीही मी तोंड उघडायच्या आत 'पेरू, छत्री, घंटा' म्हणून दाखवलं. शब्द केव्हाच बदलले होते. मी सरांना चांगलं झापलं. पोर्शन बदलला तर आधी कळवायला हवं, असं त्यांनी मलाच सुनावलं.

यंदा सरांचा फोन आला की माझं नाव काढून टाक, आम्ही मुलीकडे राहायला चाललो आहोत. मुलगी कळव्याला. तिथून तर आमचं केंद्र आणखी जवळ. थाप मारायचीसुद्धा सवय नसलेला माणूस.

कारण मला ठाऊक होतं. गेल्या वर्षी त्यांना पाचातले दोनच शब्द आठवले होते. विसरायला लागलेली माणसंच आधी सोडून जातात आणि अभ्यासाला नेमकी तीच हवी असतात. सोडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, तसा कागद मीच वाचून दाखवते. पण सर असे तोंड लपवून जाताहेत, याचं मला फार वाईट वाटलं. मी डोंबिवली गाठली.

सरांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. सर वर्तमानपत्राआड बसले होते. नापास व्हायला कोण येतं, एवढंच ते आडून म्हणाले.

"अहो, नापास झालेली मुलं शाळेत यायची बंद झाली की तुम्ही काय करायचात?" काकू म्हणाल्या. "टिटवाळ्यापर्यंत गेलेलात एकीला आणायला. आणि आता ही तुम्हाला न्यायला आलीय, तर लपून बसलाय."

सरांनी वर्तमानपत्र काही खाली ठेवलं नाही. खिचडी मात्र संपवली.

ठरल्या दिवशी ते आले. मी पाच शब्द वाचले, मध्ये इकडचं तिकडचं विचारलं आणि मग शब्द मागितले. सर खिडकीकडे बघत राहिले. एकही आठवेना. मलाच ते बघवेना, म्हणून म्हटलं, सर, आज राहू दे.

"राहू दे कशाला? काही आठवलं नाही, असं लिही," ते म्हणाले. "कोरा पेपरही जमा करायचा असतो. त्याशिवाय मी कुणाला वर्गाबाहेर सोडलेलं नाही."

मी लिहिलं. कसंबसं, वाकडंतिकडं. सरांनी वाकून कागद पाहिला आणि अक्षर सुधारायला सांगितलं.