भिंतीपलीकडे गेलेलं खारं पाणी

घरामागच्या बांधीतले परे औषधाने जळाले नव्हते. ते मिठाने जळाले, आणि ते मीठ माझ्या घरातून गेलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, जरी तिला ते कळलं असावं असं मला कधीकधी वाटतं.

आमच्याकडे धानाचं बी आधी एका कोपऱ्यात दाट टाकतात. त्या रोपांना परे म्हणतात. पाऊस बसला की तेच उपटून साऱ्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, रोवायचे. परे गेले की हंगामाचं कंबरडं मोडतं. अर्जुनी मोरगावच्या कडेला मी घर बांधलं, तेव्हा माझ्या मागच्या भिंतीपलीकडे दोन भावांचं शेत होतं. वाटणी तोंडीच झालेली. भिंतीला लागून थोरल्याची बांधी, मग एक धुरा, म्हणजे मातीचा बांध, आणि धुऱ्यापलीकडे जराशी उंचावर धाकट्याची. विहीर एक, मोटार एक, ट्रॅक्टर एक. चुली वेगळ्या होत्या, पण भाजी चांगली झाली की वाटी इकडून तिकडे जायचीच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होतो. गावागणिक तलाव असलेल्या या मुलखात मला घरात समुद्र हवा होता. नागपूरच्या एका दुकानात काचेमागे पोवळं उघडमीट करताना पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. पहिली टाकी तीन फुटांची. दुकानदार मद्रासहून मासे, मऊ पोवळी आणि समुद्रातले दगड मागवायचा. मी पिशव्या थर्माकोलच्या डब्यात घालून बसने आणायचो. समुद्राचं मीठही पिशवीतच यायचं. ते गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं, खारटपणा यंत्राने मोजायचा, आणि दर आठवड्याला टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचं.

दोघं भाऊ संध्याकाळी मोटार बंद करायला आले की खिडकीतून डोकावायचे.

"खायाचे नाई, इकायचे नाई," थोरला म्हणायचा. "मंग पोसून कायले राहिले, सर?"

"तू नाई का तो म्हातारा बैल पोसून राहिला," धाकटा म्हणायचा. "तसंच आहे ते."

"बैल शेन तरी देते बापा."

बायको आतून म्हणायची, "यांचे मासे पंख्याखाली झोपतात भाऊजी, आम्ही घामात. आता तुम्हीच सांगा घर कोणाचं."

मग मोठी टाकी आली. त्यामागे माझी एक समजूत होती. लहान टाकीत झालेली चूक लगेच मारते, मोठ्या टाकीत पाणी जास्त, तिथे चूक पचते. असं मी पुस्तकात वाचलं होतं आणि बायकोला बरेच दिवस ऐकवत होतो. गोंदियात दुकानांचे काउंटर बनवणाऱ्या काचवाल्याकडून सहा फुटांची टाकी करून घेतली. ट्रॉलीत तणस अंथरून ती आणली, भावांच्याच ट्रॅक्टरने. उचलायला दोघंही होते. थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या, आणि दारातून वळवताना एकमेकांना शिव्या देत त्यांनी ती अशी अलगद ठेवली की खालच्या स्पंजवर सुरकुतीही पडली नाही. त्या दिवशी ते माझ्या घरी जेवले.

जुनं खारं पाणी मी आधी बादलीने अंगणात ओतायचो. त्याने बायकोचा कढीपत्ता वाळला. मीठ झाडाला मारतं हे मला शिकवायला त्या कढीपत्त्याची गरज नव्हती, पण शिकवलं. म्हणून मोठ्या टाकीला मी खालून नळ बसवला आणि पाइप जमिनीतून, भिंतीखालून पार नेला. त्याचं तोंड थोरल्याच्या बांधीच्या कडेला, बेशरमाच्या झुडपात उघडत होतं. पाहणाऱ्याला वाटायचं न्हाणीचं पाणी असेल. माझं अंगण वाचलं. पलीकडचा विचार मी केला नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. विचार केला होता. पाऊस पडला की धुऊन जाईल, असा तो विचार होता. टाकी बघायला येणाऱ्यांना मात्र मी सांगायचो की तेच पाणी आत फिरत राहतं, बदलावं लागत नाही. त्यात माझ्या हुशारीचं कौतुक व्हायचं.

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. जूनच्या तोंडावर वादळ आलं. खांब आडवे झाले, तारा शेतात पडल्या. पाऊस मात्र शिंतडून गेला. भारनियमनाची सवय होती, इन्व्हर्टर होता, पण या वेळी वीज आलीच नाही. इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत विझला. पंप थांबले तसं टाकीतलं पाणी निपचित झालं. हवा भरणारी बॅटरीची दोन यंत्रं होती, ती सहा फुटांच्या टाकीला काय पुरणार. जनरेटर मंडपवाल्याकडे होता, तो लग्नात गेला होता. मी त्याच्या घरासमोर उभा राहून त्याच्या बायकोला विनवत होतो, आणि ती म्हणत होती, "सर, घरी कोनी बीमार आहे का?" मी हो म्हणालो. तरीही जनरेटर मिळाला नाही.

बर्फ आणला, तो मासळीबाजारातून. एकेक तुकडा पिशवीत बांधून पाण्यात सोडला. लोट्याने पाणी उचलून उंचावरून ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. मी ओतत होतो, मी थकलो की बायको ओतत होती. तिचा पदर खांद्यापर्यंत भिजला होता. ती एकदाच म्हणाली, "माझी आई दवाखान्यात होती तेव्हा तुम्ही इतकं बसला नव्हतात." खरं होतं. मी लोटा पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी समुद्रफूल, म्हणजे टाकीतला फुलासारखा दिसणारा प्राणी, मेलं. ते मरतं तेव्हा विरघळतं आणि सगळ्यांना घेऊन जातं. पाणी दुधाळ झालं, वास सुटला. दगडांवरची पोवळी आकसून फडक्यासारखी लोंबू लागली. एक मासा काचेला तोंड लावून धापा टाकत होता. मला त्या क्षणी कोणी काहीही मागितलं असतं तर मी दिलं असतं. घरात होतं नव्हतं तेवढं मीठ पिंपात कालवलं आणि टाकीचा खालचा नळ पूर्ण उघडला. टाकी तळापर्यंत रिकामी केली. नवं भरलं. ते सकाळी पुन्हा ढगाळलं, तेही सोडून दिलं आणि जिवंत होतं तेवढं पिंपात उरलेल्या पाण्यात ठेवलं. पाइपातून पाणी जाताना जमिनीखाली घरघर ऐकू येत होती. भिंतीपलीकडे थोरल्याचे परे हिरवे, वीतभर झालेले होते. मला ते माहीत होतं. आदल्याच आठवड्यात त्याने मला बोलावून दाखवले होते.

वीज आली. दोन मासे आणि थोडी पोवळी वाचली. मी मेलेलं सगळं उपसत होतो आणि आनंदाने बायकोला हाका मारत होतो.

मग परे पिवळे पडले. शेंड्यापासून खाली, आधी भिंतीकडचे, मग धुऱ्यापर्यंत सगळे. आठवडाही लागला नाही. पाऊस रुसलेलाच होता. धुऱ्यापलीकडे धाकट्याचे परे, तेच बी, त्याच विहिरीचं पाणी, पोपटासारखे हिरवे.

थोरला मला बोलवायला आला. "सर, तुमी सायन्सचे मानूस. पाहा बरं, हे काऊन होऊन राहिलं?"

मी गेलो. तो बांधीत उकिडवा बसला होता, त्याची बायको धुऱ्यावर तोंडाला पदर लावून उभी होती. भेगांच्या कडेला पांढरी साय धरली होती. त्याने ती बोटाने खरवडून माझ्यासमोर धरली. "हे पांढरं काय होय?"

मी ते बोटावर घेतलं. जिभेला लावायची गरज नव्हती. मी बेशरमाच्या झुडपाकडे पाहिलं नाही, एवढं मला स्पष्ट आठवतं. मान तिकडे वळू नये म्हणून मी जोर लावून धरली होती. आणि म्हणालो, "औषध पडल्यासारखं दिसतं."

एवढंच. नाव घेतलं नाही. पण वादळाच्या आधी धाकटा पाठीला फवारणीचा पंप बांधून औषधाने धुऱ्यावरचं तण मारत होता. ते थोरल्याने पाहिलं होतं आणि मीही पाहिलं होतं. माझं वाक्य कुठे जाऊन पडणार, हे ते तोंडातून निघण्याआधीच मला माहीत होतं.

थोरला उठला. धुऱ्यावर जाऊन त्याने भावाला हाक मारली. मी घरी आलो, पण आवाज भिंत ओलांडून येत होता.

"मी माया धुऱ्यावर मारलो दादा. तुया बांधीत पाय नाई टाकलो."

"हवेनं उडालं मंग? हवा बी तुयाच बाजूनं?"

"आईची शपथ."

"आईले मधात नको आनू. सर सांगून गेले, औषध होय."

तिथे मला जायला हवं होतं. ओट्यावरून उतरून पन्नास पावलं. मी टाकीसमोर बसलो. आणि खरं कारण आता लिहितो. मला मारतील किंवा नोकरी जाईल अशी भीती नव्हती. ते लोक तसे नव्हतेच. मला भीती होती ती टाकी बंद करावी लागेल याची. लोक म्हणाले असते, सर, हे पाणी आता काढायचं नाही. पाणी काढल्याशिवाय ती टाकी चालत नाही. दोन मासे आणि मूठभर पोवळी वाचली होती, त्यांच्यासाठी मी दोन भाऊ सोडून दिले.

दुसऱ्या पहाटे मी पाइप उखडला आणि भिंतीतलं भोक सिमेंटने बुजवलं. बायको बाहेर आली. "कशाला काढला?"

"गळत होता."

ती ओल्या सिमेंटकडे पाहत राहिली, मग आत गेली. त्यानंतर तिने टाकीला कधी हात लावला नाही.

त्याच आठवड्यात धाकटा माझ्याकडे आला. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात थोरल्याच्या बांधीतली माती. भावाच्या नकळत आणली होती. खुर्चीवर बसला नाही, दाराशीच उभा राहिला.

"सर, मी काई टाकलो नाई. पन माया बोलन्यावर आता त्याचा इस्वास नाई, तुमच्या बोलन्यावर आहे. ही माती नागपूरले तपासाले पाठवा. कागदावर येऊ द्या, कायनं जळलं ते. मंग मी त्याले दाखवतो."

खारटपणा मोजायचं यंत्र त्याच्या डाव्या हाताला असलेल्या फळीवर होतं. माती पाण्यात ढवळून वरचा थेंब काचेवर ठेवायचा, एवढंच काम. मी पिशवी घेतली. म्हणालो, पाठवतो. तो गेल्यावर ती माती मी परसात टाकली, कढीपत्ता वाळला होता त्याच जागी.

तो दोनदा विचारायला आला. पहिल्यांदा मी म्हणालो, वेळ लागतो. दुसऱ्यांदा म्हणालो, त्यांना नीट काही कळलं नाही. तो "बरं" म्हणाला. माझ्याकडे संशयाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने चहाही घेतला.

थोरल्याने त्या वर्षी जमेल तिथे आवत्या टाकला, म्हणजे मोड आलेलं बी थेट चिखलात फेकलं. भिंतीकडची बांधी काही उगवली नाही. विहिरीच्या मोटारीवरून मग रोज तंटा होऊ लागला, कारण आता प्रत्येक गोष्टीत औषध होतं. धाकट्याच्या बायकोने दिलेली भाजी थोरल्याच्या घरी खाल्ली जाईना. पोरांना सांगितलं गेलं, काकाच्या घरचं पाणी पिऊ नका. हे मला थोरल्यानेच सांगितलं, माझ्याच ओट्यावर बसून. "सख्खा भाऊ होय सर. आता काय म्हनावं?" मी मान हलवली. त्याच्याइतका विश्वास माझ्यावर कोणी ठेवला नसेल.

वर्षभराने धाकट्याने आपली जमीन ठेक्याने दिली आणि कुटुंब घेऊन रायपूरला गेला. तिथे एका गोदामावर चौकीदार आहे. पुढे थोरल्याच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा त्याला पत्रिका गेली नाही. मांडवात पाहुण्यांना बसवायचं, वाढायचं, सारी धावपळ मी केली. जे काम काकाचं, ते मी केलं, आणि लोक म्हणत होते, सर घरच्यासारखे आहेत.

टाकी पुढे चारेक वर्षं चालली. मग मोठा पंप जळाला आणि मी तो बदललाच नाही. मासे एकामागून एक गेले. मला फारसं वाईटही वाटलं नाही. हे मला आजही समजत नाही, आणि याच्याइतकी शरम मला औषधाच्या त्या वाक्याचीही वाटत नाही.

एकदा गोंदियाच्या फलाटावर धाकटा भेटला. केस पांढरे झाले होते. इकडचं तिकडचं बोललो, रायपूरच्या उन्हाबद्दल, पोरांच्या शाळेबद्दल. गाडी लागली तेव्हा पायरीवर चढता चढता म्हणाला, "सर, कदाचित हवेनं उडालंही असन माया पंपातलं. मले आता तसंच वाटून राहिलं." गाडी सुटली. मी फलाटावर उभा होतो आणि गाडी अगदी हळू चालत होती, मला सहज बरोबर चालता आलं असतं.

म्हणजे आता तो स्वतःवरच आरोप घेऊन जगतो आहे, आणि थोरला त्याच्यावर ठेवून. दोघंही जिवंत आहेत. दोघांचेही पत्ते मला ठाऊक आहेत. थोरला तर भिंतीपलीकडे आहे, आत्ता त्याची मोटार सुरू आहे.

हे लिहिल्याने सांगितल्यासारखं होत नाही, हे मला कळतं. धाकट्याला मी त्या मातीचं खरं उत्तर देणं लागतो. थोरल्याला त्याचा भाऊ देणं लागतो. दोघांसमोर उभं राहून, परे मी जाळले, हे मला म्हणायचं आहे, आणि ते मी अजून म्हटलेलं नाही.