आईला विचारून ये

आमचे इंग्रजीचे सर बोलता बोलता थांबायचे. वाक्य संपल्यावर नव्हे, वाक्याच्या ऐन मध्यावर. हातात खडू, ओठांवर अर्धं वाक्य आणि नजर खिडकीबाहेरच्या डोंगरावर. मागच्या बाकांवरची मुलं मोबाईल काढून सेकंद मोजायची. गंमत अशी, की परत आले की सर बरोबर त्याच शब्दापासून पुढे बोलू लागायचे. मधे काही झालं होतं याचा त्यांना पत्ताच नसायचा. साहजिकच त्यांचं नाव तंद्री सर पडलं. त्यांना ते माहीतही होतं. एकदा कुणीतरी टेबलावर पेन्सिलीनं तसं लिहून ठेवलं, तर त्यांनी ते वाचलं, त्यावरच वही ठेवली आणि शिकवायला लागले.

भोरच्या अलीकडे माळावर आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज. विषयाचं नाव भारदस्त, कम्युनिकेशन स्किल्स, आणि तास मात्र दुपारच्या जेवणानंतरचा. सकाळभर वर्कशॉपमध्ये हात काळे करून, डबा खाऊन आम्ही येऊन बसायचो. पंखा कुरकुरत फिरायचा. पावसाळ्यात डोंगरावरचं धुकं हळूहळू खाली यायचं, आधी झाडं जायची, मग कुंपण, मग सायकल स्टँड. आणि आत सरांचा तो मऊ, सावकाश आवाज. खरं सांगते, त्या तासाला मी जागी असायची की झोपेत, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही. कुणी इंग्रजी बोलताना घाबरून भराभर शब्द फेकायला लागलं की सर म्हणायचे, "घाई कशाला? वाक्य काही एस.टी. नाही, सुटून जायला."

त्यांच्या चहाचीही तीच गत. कँटीनवाले काका त्यांच्यापुढे कप ठेवायचे, सर बशीत चहा ओतायचे आणि मग कुठंतरी हरवायचे. बशीतल्या चहावर साय धरायची. काका मुकाट्यानं तो परत पातेल्यात ओतून गरम करून आणायचे. "सरांचा चहा दोन उकळ्यांचा," असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. दुसऱ्या उकळीचाही चहा सरांनी पूर्ण प्यायलेला मी क्वचितच पाहिला.

पण हा माणूस वेंधळा होता असं कुणी समजू नका. शिकवायची त्यांची एक रीत होती आणि तिच्यातून सुटका नव्हती. आठवड्यात जे काही शिकलात त्यातली एक गोष्ट घरी जाऊन आईला मराठीत समजावून सांगायची. आई ऐकून काहीतरी विचारेल. तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणायचा, आणि त्याचं उत्तर वर्गापुढे उभं राहून इंग्रजीत द्यायचं. आई नसेल तर आजी, काकू, शेजारीण, कुणीही चालेल. "फक्त इंजिनिअर नको," सर बजावायचे. आम्ही आधी खो खो हसलो. म्हटलं, इंग्रजीच्या तासाला आईचं काय काम?

मग चिठ्ठ्या यायला लागल्या. आंबवड्याचा एक सिव्हिलचा मुलगा होता. त्यानं आईला सांगितलं की काँक्रीट ओतल्यावर त्याला बरेच दिवस पाणी द्यावं लागतं. तिनं विचारलं, एवढं पाणी पाजताय तर त्याला मुळं फुटत नाहीत का? वर्ग हसून लोळला. सर हसले नाहीत. त्यांनी त्या मुलाला अर्धा तास उभं ठेवून, काँक्रीट पाणी पितं म्हणजे नक्की काय करतं, हे त्याच्या तोंडून काढून घेतलं. वेल्ह्याकडची एक मुलगी कॉम्प्युटरला होती. तिच्या आईनं विचारलं होतं, ह्या यंत्राला सगळं लक्षात राहतं, मग विसरायचं असलं तर ते काय करतं? ती चिठ्ठी वाचून सर जे खिडकीशी गेले, ते तास संपेपर्यंत तिथंच. त्या दिवशी सेकंद मोजणाऱ्यांनीही मोजणं सोडून दिलं.

आता माझं सांगते. मी हिर्डोशीच्याही वरची, डोंगरातल्या एका वाडीतली. एस.टी. खाली सोडते, पुढं पायवाट. घरात दोन म्हशी, चाळीसेक शेळ्या आणि त्यांच्यामागं दिवसभर रान तुडवणारी माझी आई. होस्टेलवर मात्र मी सांगितलं होतं, आमची गावाकडं डेअरी आहे. एकदा सांगितलं ते सांगितलं. मग फोन आला की मी गॅलरीच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलायची, कारण आईला हळू बोलता येत नसे. रेंजसाठी ती टेकाडावर चढून यायची आणि तिथून ओरडून बोलायची. तिचं "लई" आणि "न्हाई" कुणाला ऐकू जाईल या धास्तीनं मी दोन मिनिटांत फोन ठेवायची. लाज वाटते आज. तेव्हा तिची वाटायची, आज माझी वाटते.

मी इलेक्ट्रिकलला. बाकी विषयांत मला तोड नव्हती, हे मी आपल्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोण सांगणार! पण इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत दातखीळ बसायची. एकदा नापास झाले, पुन्हा दिली, पुन्हा नापास. बाहेरचे परीक्षक समोर बसलेले आणि मी टेबलाच्या पायाकडं बघत उभी. तिसऱ्यांदा तेच झालं असतं तर पुढच्या वर्षाला प्रवेश नव्हता. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, की वर्ष गेलं तर सामान बांधून घरी यायचं, शेळ्यांना माणूस हवंच आहे. ते वाईट नव्हते, दमलेले होते. मला मात्र त्या पायवाटेनं बॅग घेऊन चढणारी मी रोज डोळ्यांपुढं दिसायची.

चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी सोपा मार्ग काढला होता. प्रश्न मीच रचायची. माझी आई ट्रान्सफॉर्मरची कार्यक्षमता विचारायची, पॉवर फॅक्टर सुधारायचे उपाय विचारायची. सर चिठ्ठी वाचायचे, घडी घालून माझ्या हातात परत द्यायचे आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणायचे, "आईला विचारून ये." वर्गात कधी उघडं पाडलं नाही. रागावले नाहीत. पुढच्या आठवड्यात नवी चिठ्ठी, पुन्हा तेच. मी चिडले. एकदा जिन्यात गाठून त्यांना विचारलंच, की हा माझ्या आईचा प्रश्न नाही हे तुम्हाला कशावरून कळतं? ते म्हणाले, "याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे, त्यावरून."

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मी घरी गेले. खरं तर मनातून निरोप घ्यायलाच, पुस्तकांचा. रविवारी सकाळी दाट धुकं होतं. आई गोठ्यापुढं ताक घुसळत बसली होती, मांडीशी एक करडू. खाली धरणाचं पाणी असायला हवं होतं, पण तिथं नुसतं पांढरं पांढरं काहीतरी होतं. मी तिच्याशेजारी बसले आणि का कोण जाणे, सांगायला लागले. धरणाचं पाणी उंचावरून खाली सोडतात, ते पात्यांवर पडतं, पाती फिरतात, त्यांच्यामुळं वीज तयार होते, ती तारांमधून जाते. मधे कधीतरी धुकं विरलं आणि पाणी दिसायला लागलं. आईची रवी थांबली. ती किती तरी वेळ त्या पाण्याकडं बघत राहिली. मग रवीवरचं लोणी बोटानं निपटून तिनं विचारलं, "लोनी काढल्यावर मागं ताक ऱ्हातं. तसं ईज काढल्यावर पानी बी ताक व्हतं का गं? खालच्या लोकांच्या भाताला बळ ऱ्हातं का त्येच्यात?"

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मला उत्तर येत नव्हतं. गणितं सोडवून सोडवून मी वह्या भरल्या होत्या, पण पाण्यातून आपण काय काढून घेतो आणि त्यात काय उरतं, हे मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही. आई म्हणाली, "न्हाई म्हाईत व्हय? असू दे." आणि पुन्हा घुसळायला लागली. मी मात्र परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून तोच विचार करत होते. रस्ताभर खाली खाचरं दिसत होती, पाण्यानं भरलेली.

सोमवारी चिठ्ठी दिली. सरांनी वाचली. परत दिली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली आणि खिडकीकडं वळले. मागून कुणीतरी मोजत होतं. वळले तेव्हा डोळे ओलसर होते, की बाहेरचा उजेड होता, नाही सांगता येत. म्हणाले, "हं. आता सांग. घाई नाही."

आणि मी सांगितलं. तुटक, चुकत, शब्द शोधत, पण इंग्रजीत. तीन दिवसांनी परीक्षकांपुढं उभी राहिले. सुरुवात काय करायची ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "माय मदर कीप्स गोट्स." दोन वर्षं जे लपवलं ते पहिल्याच वाक्यात, परक्या माणसांपुढं! त्यानंतर मग लपवायला काही उरलंच नाही. आईचा प्रश्न सांगितला. मग उत्तर, की पाणी विजेला आपली उंची देतं, ओल देत नाही, आणि भाताला ओलच लागते. परीक्षक पुढं झुकून ऐकत होते. त्यांनी आणखी काय काय विचारलं, मी उत्तरं देत गेले. पास झाले. होस्टेलवर आल्यावर टेकाडावरच्या आईला फोन लावला, आणि गॅलरीच्या टोकाला न जाता, पोरींच्या मधोमध उभी राहून बोलले.

सुट्टीत सर आमच्या घरी आले. न कळवता, छत्री टेकत, पायवाटेनं. त्यांना त्या प्रश्नवाल्या बाईंना भेटायचं होतं. आई गडबडली, मग तांब्याभर ताक आणि पेला पुढं ठेवून शेळीच्या पायातला काटा काढत बसली. दोघंही धरणाकडं बघत गप्प. मला अवघडल्यासारखं झालं, त्यांना मुळीच नाही. बऱ्याच वेळानं आईनं सहज विचारलं, "सर, तुमची आई काय इचारायची वो तुमाला?"

सर थांबले. मी सवयीनं मनात मोजायला लागले आणि मधेच सोडून दिलं. आईनं काटा काढला, शेळीला सोडलं, तरी सर बोलेनात. मग म्हणाले, "नोकरी लागली तेव्हा तिनं एकदा विचारलं होतं, काय शिकवतोस रे पोरांना? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. त्यानंतर तिनं काहीच विचारलं नाही. गेली तोवर नाही."

आईनं त्यांचा पेला पुन्हा भरला. सरांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या वर्षीही आम्हाला तो विषय होता, पण कॉलेजनं तो मधूनच कॉम्प्युटरवर नेला. कानाला हेडफोन लावायचे, पडद्यावरची बाई बोलेल तसं बोलायचं. सर कंत्राटावर होते, त्यांची मुदत वाढली नाही. शेवटच्या तासाला ते नेहमीसारखेच वाक्याच्या मधे थांबले. आम्ही वाट बघत होतो. घंटा झाली. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, हसले, छत्री उचलली आणि गेले. तो शेवटचा तास होता हे आम्हाला आठवड्यानं कळलं. ते वाक्य कशाबद्दल होतं, यावर आमच्या ग्रुपवर अजून वाद होतो. एकालाही आठवत नाही.

आज मी पुण्यात एका कंपनीत आहे. मोठमोठी यंत्रं दूरदेशीच्या लोकांना इंग्रजीत समजावून सांगायची, हेच माझं काम. नवीन यंत्र आलं की आधी आईला फोन करते. ती टेकाडावर चढते, ऐकून घेते आणि काहीतरी असं विचारते की माझी त्या रात्रीची झोप जाते.

गेल्या महिन्यात ग्रुपवर सरांचा फोटो आला आणि खाली दोन ओळी. वेल्ह्याकडं, आपल्या आईच्या गावी जाऊन राहिले होते म्हणे, तिथंच गेले. मी ऑफिसातून उठून जिन्याशी आले आणि आईला फोन लावला. सांगितलं. तिकडून नुसता वारा ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "सुगे, त्येंच्या आईला कळलं असंल का गं आता, ल्योक काय शिकवत हुता त्ये?"

मी म्हटलं, "आई, मला वाटतं..." आणि तिथंच थांबले. जिन्याच्या खिडकीतून लांबवर डोंगराची एक रेघ दिसत होती, पाऊस येऊन ती हळूहळू पुसत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आईनं फोन ठेवला नाही, की हॅलो हॅलो केलं नाही.

"सावकाश बोल," ती म्हणाली. "म्या हाय हितं."