मालकाची लेथ माझ्या अंगणात

ती लेथ मी कामासाठी घेतलीच नव्हती. फोडायला घेतली होती. लोक विचारतात, नोकरी सुटल्यावर हा नाद कुठून लागला हो तुम्हाला? मी म्हणतो, हौस. हौस कसली डोंबलाची! सूड होता तो, आणि ते कबूल करायला मला काडीची लाज वाटत नाही.

आमच्या बंदरात तेव्हा एकच वर्कशॉप होतं. होड्यांच्या इंजिनांचे शाफ्ट, पंपाचे बुश, जे काही लोखंडाचं तासायचं ते तिथं तासून मिळायचं. बाबा तिथं टर्नर होते. मी सहावीत असताना, शिमग्याची पालखी गावभर फिरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिथल्या लेथनं बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं घेतली आणि तिसरं कायमचं वाकडं करून ठेवलं. बाबा सांगत होते, मशीन बंद केलेली होती, चकात, म्हणजे लोखंड धरून फिरवणाऱ्या जबड्यात, अडकलेला कीस काढायला हात घातला आणि ती आपली आपण फिरली. मालक म्हणाला, मशीन काय भुतानं फिरवली? हा रात्रभर पालखी नाचवून आला, उभ्या उभ्या डुलकी लागली आणि चालू मशिनीत हात गेला. झालं! बाबांना पालखी नाचवताना अख्ख्या गावानं पाहिलं होतं. मशीन फिरताना कुणीच पाहिली नव्हती. गावानं मालकाचं खरं धरलं.

तेव्हापासून बाबा ‘झोप्या मिस्त्री’ झाले. मी शाळेत झोप्याचा पोर. पुढे ते एका सुपारीच्या वाडीत राखणीला लागले, तर त्यावरही गाव हसलं, म्हणे झोप्याला राखण! माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत नवरीकडच्या एका पाहुण्यानं सरळ विचारलं, झोपेत बोटं कापून घेतली ते तुमचेच वडील ना? हे सगळं एक वेळ गिळलं असतं. पण ऐकून ऐकून बाबांनाच ते खरं वाटायला लागलं. आधी ठणकावून म्हणायचे, “मी बंद केलेली व्हती.” मग म्हणायला लागले, “केलेली असंल.” आणि शेवटी शेवटी, “लागली असंल डुलकी, कोण जाणे.” शिमग्यात पालखी दारात आली की ते मागच्या परसात जाऊन लाकडं फोडत बसायचे. मालकाला मी कधीच माफ केलं नाही ते या ‘कोण जाणे’पायी.

मी स्वतः टर्नर नाही. न्हावा शेव्याला गोदीत क्रेनच्या देखभालीवर आयुष्य गेलं. ग्रीसनं हात काळे करायची सवय होती, पण लेथवर उभा राहिलो नव्हतो कधी. नोकरी सोडून गावी आलो तेव्हा मालकाच्या मुलांनी वर्कशॉप पाडून तिथं पर्यटकांसाठी खोल्या बांधायला काढल्या होत्या. तीच लेथ गेली भंगारात. भंगारवाल्यानं ती खाडीपलीकडे, आगरदांड्याला नेऊन टाकली होती. कळल्याबरोबर मी टेम्पो केला आणि तिला फेरीबोटीतून दिघीला परत आणली. हरिहरेश्वराला निघालेली माणसं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढत होती. म्हटलं काढा बाबांनो, आता हिचे थोडेच दिवस राहिलेत.

बायको दारातच उभी होती. म्हणाली, “सवत आणलीत ती आणलीत, जरा धडधाकट तरी बघायची!”

बाबा ओटीवर बसले होते. टेम्पोतून काय उतरतंय हे त्यांनी बघितलं, उठले, खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि पाठ करून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घण घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो. बिडाचं अंग तिचं, चार घावांत तुकडे झाले असते. घण उचलला आणि डोक्यात आलं, फोडली की काम संपलं. वर मालक पारावर बसून म्हणणार, बापाला झेपली नाही, पोरानं फोडली. छे! त्यापेक्षा हिला राबवायची. मालक रोज संध्याकाळी देवळात जातो तो आमच्याच अंगणावरून. त्याच्या कानात रोज हिचा आवाज ओतायचा, की बघ, तुझी मशीन झोप्याच्या दारात मोलमजुरी करतेय. घण ठेवला आणि रॉकेलचा डबा आणला.

किती दिवस मी ती घासत होतो ते विचारू नका. आमच्या हवेत लोखंड टिकत नाही. आज तारेच्या ब्रशनं चकचकीत करावं, उद्या सकाळी पुन्हा तांबूस. मग घासलं की लगेच तेल आणि वर जुनं पोतं, असं करत करत पुढे सरकलो. चकाचे जबडे गंजून इतके घट्ट धरले होते की ते सोडवताना माझ्या तोंडून गोदीतल्या सगळ्या शिव्या गेल्या. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड घातली, जांभ्यावर काँक्रीट ओतून तिला बसवली, लेव्हल लावून चारी कोपरे बघितले. जुन्या वर्कशॉपसारखीच मोटर वर अढ्याला टांगली आणि तिथून मशिनीपर्यंत रुंद पट्टा.

या पट्ट्याचं सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. मशिनीच्या वर दोन पुल्या शेजारी शेजारी असतात. एक कामाची, ती मशीन फिरवते. दुसरी रिकामी, ती नुसती स्वतःभोवती फिरते. एक लाकडी दांडा असतो, तो मशिनीबरोबर आलेला जुनाच. तो सरकवला की पट्टा कामाच्या पुलीवरून रिकाम्या पुलीवर जातो. मोटर चालूच राहते, मशीन तेवढी थांबते. हिला बंद करायची ती अशी.

लोखंड कातायला मी मोबाईलवर बघून शिकलो. कुठले कुठले परदेशातले म्हातारे आपापल्या गॅरेजमध्ये उभं राहून शिकवतात, भाषा निम्मी कळायची नाही, पण हात दिसायचे. माझा पहिला तुकडा एका टोकाला जाड आणि एका टोकाला बारीक निघाला, अगदी गाजरासारखा. बायको म्हणाली, किसून हलवा करू का? टूल चुकीच्या उंचीवर धरलं की मशीन अशी किंचाळायची की शेजारची कुत्री भुंकायची. मला वाईट वाटायचं नाही. किंचाळ म्हणायचो, अजून किंचाळ, मालक देवळातून यायची वेळ झालीय.

मालक यायचा, थांबायचा, आत न येता म्हणायचा, “चाललंय का बरं?” मी म्हणायचो, “तुमच्या आशीर्वादानं.” आणि मनात जे म्हणायचो ते इथं लिहिता येणार नाही.

मग भाद्रपदात एका दुपारी ते घडलं. शेजाऱ्याच्या पंपाचा बुश कातत होतो. माप घ्यायला दांडा सरकवला, पट्टा रिकाम्या पुलीवर गेला, मशीन थांबली. कॅलिपर चकावर टेकवून ठेवला आणि चष्मा शोधायला वळलो. मागे खाडकन आवाज झाला. कॅलिपर पत्र्यावर आपटून खाली पडला होता आणि चक फिरत होता. मशिनीला कुणी हात लावला नव्हता. मोटरच्या थरथरीनं दांडा आपोआप तसूतसूनं मागे आला होता आणि पट्टा कामाच्या पुलीवर चढला होता. मी पुन्हा बंद केली आणि लांब उभा राहिलो. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पुन्हा बंद केली, पुन्हा तसंच. चष्मा शोधायला वळलो नसतो तर माझी बोटं तिथंच असती.

मी धावत ओटीवर गेलो. “बाबा, ती आपोआप फिरते! मी बघितली! तुम्ही बंद केली होती, बाबा!”

बाबांनी मान वर केली नाही. “म्हातारी झाली ती,” म्हणाले. “इतकी वर्सं भंगारात पडली, ढिली झाली. आता फिरत असंल. तवा कुठं तशी व्हती?”

“तुम्हीच तर सांगत होता ना!”

“सांगत व्हतो. पण आता म्हायती न्हाय. जा, तुझं काम कर.”

राग आला मला, आणि राग त्यांचा नव्हता. त्यांचं बरोबरच होतं. आज दांडा ढिला आहे म्हणून तेव्हाही होता, हे कशावरून? मशीन तर साक्ष द्यायला येणार नव्हती. मग मी ठरवलं, निदान मालकाला घाबरवायचं. चार माणसांसमोर ती त्याच्या शेजारी आपोआप सुरू व्हायला हवी. तो दचकून उडी मारील, धोतर सावरत पळेल, आणि गाव निदान एकदा त्याला हसेल. एवढाच माझा बेत होता. मी काही मोठा हुशार नाही.

दसऱ्याला मी मशिनीची पूजा मांडली. झेंडूची माळ घातली, हळदकुंकू, नारळ, सगळं. आळीतली माणसं बोलावली आणि मालकाच्या घरी स्वतः गेलो. म्हटलं, “मालक, तुमची लक्ष्मी आता माझ्या दारात आहे. मुहूर्त तुमच्या हातानं व्हावा अशी इच्छा आहे.” म्हातारा खूश! मान मिळाला की हा माणूस नदीतल्या मगरीच्या पाठीवरही बसेल. इस्त्रीचा सदरा घालून, आपट्याची पानं घेऊन आला. बाबांना मी सांगितलं, तुम्ही या किंवा नका येऊ, तुमची मर्जी. ते ओटीवरच बसले, पण त्या दिवशी खुर्ची भिंतीकडे नव्हती. सणासुदीला माणसांकडे पाठ करायची नाही म्हणून असेल.

मोटर मी आधीच चालू करून ठेवली होती. पट्टा रिकाम्या पुलीवर, मशीन थांबलेली. नारळ फोडायचा दगड चकापासून चांगला लांब ठेवला होता. मला तमाशा हवा होता, रक्त नको होतं. मालकानं नारळ फोडला. बोलायला लागला, या मशिनीवर आपण किती होड्या चालत्या केल्या, वगैरे वगैरे. मी दांड्याकडे बघत होतो. आता सरकेल, मग सरकेल.

तेवढ्यात बायकोनं कुंकवाचं ताट पुढे केलं. हे काही मी ठरवलं नव्हतं. “काका, चकाला पण बोट लावा,” म्हणाली.

मालक बोलता बोलता चकाकडे वळला. मी ओरडणारच होतो. पण बोट चकाला लावायच्या आधी त्यानं डाव्या हातानं खिशातला रुमाल काढला, दांड्याला वेढा दिला, दांडा शेजारच्या खांबाशी ओढला आणि गाठ मारली. बघतही नव्हता तिकडे. आपण सदऱ्याचं बटण लावतो ना, तसं. तोंडानं होड्यांचं चालूच होतं. गाठ ओढून बघितली आणि मग कुठं त्यानं चकाला कुंकू लावलं.

मी त्याला काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

ओटीवरून बाबा उठले. अंगण ओलांडून शेडमध्ये आले, मशीन आणल्यापासून पहिल्यांदा. माणसं बाजूला झाली. बाबांनी आपल्या उरलेल्या बोटांनी त्या रुमालाची गाठ चाचपली.

“ही गाठ,” ते म्हणाले, “माझ्या आधीची, का माझ्या नंतरची?”

“कसली गाठ?” मालक म्हणाला, आणि मग त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. चेहरा असा उतरला त्याचा! रुमाल सोडायला गेला, पण गाठ घट्ट बसली होती. आधीची म्हणावं, तर ठाऊक असून त्यानं माझ्या बापाला तिथं उभं केलं होतं. नंतरची म्हणावं, तर ठाऊक झाल्यावरही इतकी वर्षं गावाला झोपेची गोष्ट सांगत बसला होता. सगळी आळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. मी इतकी वर्षं घोकून ठेवलेल्या शिव्या माझ्या घशातच राहिल्या. त्यांची गरजच पडली नाही.

“नंतरची,” मालक पुटपुटला. “तुझ्यानंतर ज्याला ठेवला, त्याच्या हातातही ती अशीच फिरली. थोडक्यात वाचला तो. मग बांधायला लागलो.”

“मंग मी?” बाबांनी विचारलं.

मालकानं इकडेतिकडे बघितलं. खाली मान घालून म्हणाला, “तू बंद केली होतीस.”

बाबांनी हात कानामागे नेला, तोच, अर्धा. “मोठ्यानं बोल. मला हल्ली ऐकू कमी येतं.”

बाबांच्या कानांना काहीही झालेलं नाही. तिसऱ्या वाडीत नारळ पडला तर ओटीवरून सांगतात कुणाच्या माडाचा ते. मी चूप बसलो. बायकोही चूप बसली.

“बंद केली होतीस,” मालक पुन्हा म्हणाला, आता जरा मोठ्यानं. “तू झोपला नव्हतास.”

बाहेर रस्त्यावरून सोनं वाटत जाणारी माणसं थांबून आत डोकावायला लागली. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांना वाट करून दिली आणि मग मालकाकडे वळले.

“अजून ऐकू न्हाय आलं,” ते म्हणाले. “पुन्हा बोल.”